वुजूचं पाणी आणि मेथीची कुंडी

बागकाम सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी जागेचं रडगाणं गातात. आमचंही घर सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरी इतकी अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. तरीही गेल्या हिवाळ्यात मी सुरुवात केली. त्याला कारण होतं.

गुडघे थकल्यामुळे माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, गावचं घर सोडून आमच्याकडे आल्या. उभं आयुष्य शेतात गेलेल्या बाईला चार भिंतींत दिवस काढणं किती जड जातं, ते मी रोज पाहत होते. फजरची नमाज झाली की त्यांचा एकच प्रश्न, "गाव कू कब जाना?" त्याला आमच्या कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण गावी आता त्यांच्याजवळ राहणारं कोणी नाही.

नर्सरीत गेलं की फुललेला गुलाब नजरेत भरतो. पण नवशिक्यानं गुलाबापासून सुरुवात करू नये असं मला वाटतं. त्याला छाटणी लागते, कीड लागते, आणि तो वाळला की माणूस बागकामच सोडून देतो. आपल्या स्वयंपाकघरात रोज जे लागतं, तेच आधी लावावं. मी ओट्यावरच्या डब्यातले मेथीदाणे घेतले, रात्रभर भिजवले, कुंडीत पसरले आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती टाकली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे कोंब वर आले. साधारण २५ दिवसांत भाजी काढता येते.

कोथिंबिरीला जरा धीर लागतो. अख्खा धणा म्हणजे दोन दाण्यांची जोडी. तो चपलेखाली किंवा लाटण्यानं हलकेच रगडून दोन भाग करायचे आणि मग पेरायचं. उगवायला आठ-दहा दिवस तरी लागतात. भर उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते, म्हणून थंडीत पेरलेली बरी. पुदिन्याला तर बीही नको. बाजारातल्या जुडीतली जाड काडी घ्यायची, खालची पानं काढायची आणि ग्लासभर पाण्यात ठेवायची. मुळं फुटली की मातीत लावायची. पण त्याला वेगळी कुंडी द्यावी, नाहीतर तो शेजाऱ्याची जागा बळकावतो.

माती, शेणखत आणि कोकोपीट मी सारख्या प्रमाणात घेतलं. कुंडीच्या तळाला भोकं हवीतच, कारण नवशिक्यांची झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात. बोट मातीत खुपसून पाहावं. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको.

पाण्याची सोय अम्मींनी केली. त्या खुर्चीवर बसून वुजू करतात. पायाशी घमेलं ठेवायचं त्यांनीच सुचवलं. या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना ते बिनधास्त चालतं. पाच वेळच्या वुजूच्या पाण्यात आमच्या सगळ्या कुंड्या भागतात आणि उरलेलं फरशी पुसायला जातं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातंच. अम्मी शाळेत गेल्या नाहीत, पण खरीप आणि रब्बी हे शब्द त्यांच्या तोंडी सतत असतात. दोन्ही अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूत हाती येतं, त्यावरून ही नावं पडली. बाग आणि जमीन फारसीतून आले, कलम अरबीतून. माती, रोप, आळं हे आपले देशी. शेतकऱ्याच्या बोलण्यात हे सगळे शब्द कधीचे एकत्र नांदताहेत. कुठला कुणाचा, असं कोणी विचारत नाही.

झाड लावलं आणि त्यातलं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं तर लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं, या आशयाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सकाळी चिमण्या येऊन मेथीचे कोवळे कोंब टोचतात. मी हाकलायला उठले की अम्मी मला थांबवतात, "रहने दे, उनका बी हिस्सा है."

गावाची आठवण त्यांना अजून येते. ती कशी जाईल? पण आता प्रश्नाचं रूप बदललंय. "मेथी निकाले बाद जाएंगे," म्हणतात, आणि मेथी निघाली की त्याच दिवशी नवे दाणे भिजत घालतात.

तुमच्याही घरात दिवसभर खिडकीशी बसून राहणारं एखादं वडीलधारं माणूस असेल. पाच-सहा तास ऊन येईल अशा ठिकाणी एक कुंडी ठेवा, मूठभर मेथीदाणे त्यांच्या हातात द्या आणि कसं पेरायचं ते त्यांनाच विचारा.