थोडा प्ले सोड

गेले दोन वीकेंड अस्मादिकांची नखं काळी आहेत. हापिसात हातवारे करून बोलायची सवय असल्यामुळे सोमवारच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यांना दिसली आणि "काय, बागकाम वाटतं?" असं विचारूनही झालं. बागकाम नव्हे हो. गाडीची मागची सीट! ती दुरुस्त झाल्याचा आनंद मी बरोबर एक दिवस आधी साजरा केला, त्याची ही गोष्ट.

आधी गाडीबद्दल. १९९९ सालची जपानी कूपे. दोन दारं, मागे वर उचलायची काच. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पंचवीस वर्षं उलटली की कुठल्याही गाडीचं काही ना काही धरतंच, माणसाचे गुडघे धरतात तसं. न्यू जर्सीत नवीन असताना, लग्नाच्या आधी, हौसेने सेकंडहॅंड घेतली होती. सौ. तिला "तुझं खेळणं" म्हणते. बाबा एप्रिलमध्ये पुण्याहून आले, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "नवरा-बायको बसले की संपली?"

कागदोपत्री संपत नाही. असल्या गाड्यांना 'टू प्लस टू' म्हणतात. जॅग्वारची ई-टाइप १९६१ मध्ये आली ती दोघांची होती, १९६६ मध्ये तिची लांबवलेली टू प्लस टू आली. डॅटसनने १९७४ मध्ये २६०झेडचं तेच केलं. कारण उघड आहे, दोन सीटच्या गाडीवर जीव जडलेल्या माणसालाही यथावकाश मुलं होतात :-) फक्त त्या 'प्लस'च्या पुढच्या दोघांना गुडघे नसावेत अशी अपेक्षा असते. म्हणून बऱ्याचशा अशा गाड्यांत मागच्या सीटची पाठ पुढे पाडायची सोय असते. माणसं मावत नाहीत, निदान सामान तरी मावू दे.

आमच्याकडे त्या मापाचं एक माणूस आहे. कन्या, वय वर्षं पाच. ती डावीकडे, माझ्या मागे बूस्टरवर बसते. मी जेमतेम साडेपाच फूट, त्यामुळे माझ्या मागे थोडी जागा उरते.

तर झालं असं की तिच्यासाठी एक जुनं लाकडी टेबल बघून ठेवलं होतं. आणायला गेलो. उजवी पाठ पडली, डावी पडेना. वरचं हॅंडल उचललं तर ते सहज वर आलं, हाताला काहीच लागलं नाही. खालून 'खट' नाही, काही नाही. टेबलवाल्या बाईंची क्षमा मागून रिकामा परत आलो.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मुक्काम ठोकला. पहिला उपाय तोच, जो सगळे करतात: डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा. (हा फवारा १९५३ साली सॅन डिएगोत जन्मला. पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न जमला म्हणून नावात ४०. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून तो वापरत.) फटीतून नळी घालून मी तो सढळ हाताने मारला. क्षेपणास्त्र वाचलं असेल, माझी सीट जागची हलली नाही.

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता रिटायर. इथे आल्यापासून त्यांचा दिवस सात वाजता पेपर वाचून संपायचा. "काही काम असेल तर सांग" असं तीनदा म्हणून झालं होतं, आणि मी तिन्हीदा "आराम करा हो बाबा" म्हणालो होतो.

"कुलपाला कशाला तेल पाजतोयस?" ते म्हणाले. "कुलूप चांगलं आहे. उघडत नाही म्हणजे ते त्याचं काम करतंय. तुझी ओढ त्याच्यापर्यंत पोचत नाहीये."

मी थांबलो. हे मला सुचायला हवं होतं. सर्व्हरकडून उत्तर येत नसेल तर आधी रिक्वेस्ट पोचली का ते बघायचं, हे मी नव्या पोरांना दर महिन्याला सांगतो.

आतली रचना अशी. गाडीच्या बॉडीला एक जाड सळी यू आकारात बसवलेली असते. सीटच्या पाठीत एक पंजा असतो. पाठ मागे ढकलली की पंजा सळीला पकडतो, आणि स्प्रिंगवरचा एक छोटा खटका पंजाच्या खाचेत पडून त्याला अडवून धरतो. हॅंडलपासून खटक्यापर्यंत जाते ती केबल. सायकलच्या ब्रेकला असते तीच, आत तार आणि बाहेर आउटर. तिला बोडेन केबल म्हणतात, अर्नेस्ट बोडेन या गृहस्थांनी १८९६ च्या सुमारास पेटंट घेतलं म्हणून. तिची गंमत अशी की आतली तार जेवढी ओढते तेवढंच बाहेरच्या आउटरने रेटून धरावं लागतं. आउटरचं टोक जागेवरून सुटलं, की तुम्ही कितीही ओढा, अख्खी केबलच हलते आणि पलीकडे काहीही पोचत नाही.

हे बाबांना माहीत असणारच. आमच्याकडे चेतक होती. १९७२ साली आलेली ती स्कूटर पुढे बंद झाली (२०२० मध्ये नाव परत आलं, पण बॅटरीवर). क्लच, गिअर, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, सगळा कारभार केबलवर. डिकीत एक जादा क्लच वायर, पक्कड आणि फडकं कायम. नवीन वायर टाकायच्या आदल्या रात्री बाबा ती खिडकीच्या गजाला टांगायचे, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन बांधून त्यात तेल ओतायचे. सकाळपर्यंत ते थेंब थेंब खाली उतरलेलं असायचं, आणि खालच्या वर्तमानपत्रावर डाग.

असो. पाठीच्या मागचं कार्पेट डिकीच्या बाजूने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर असतं. क्लिपा हळूच उचकटल्या. पत्र्याला असलेल्या भोकातून टॉर्च मारला, तर बाबांचं निदान बरोबर! आउटरच्या टोकाचा प्लॅस्टिकचा कान तुटून ते लोंबकळत होतं. इतक्या वर्षांच्या उन्हाथंडीने प्लॅस्टिक पापडासारखं झालं होतं.

आता आधी उघडायचं. लांब नाकाच्या पकडीने मी आतली तार धरून ओढली. सरकेना.

"थांब," बाबा म्हणाले. "पावसाळ्यात वाड्याचं दार कसं उघडायचो? दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग कडी काढायची."

ते पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी पाठ मागे दाबून धरली. गादीचा फोम पाठीला सतत पुढे रेटत असतो, त्यामुळे पंजाचा सगळा भार खटक्यावर येतो. तो भार निघाल्यावर मी पुन्हा ओढलं आणि 'खट'! पाठ पडली. मागच्या सीटखालून दोन क्रेयॉन, एक मोजा आणि मागच्या हॅलोवीनचं चॉकलेट निघालं.

दुकानातून ई आकाराच्या छोट्या स्टीलच्या क्लिपांची पुडी आणली. खाचेत बसायला क्लिप किंचित जाड होती. बाबांनी माझ्याकडची एकुलती एक कानस घेतली, चष्मा कपाळावर चढवला, आणि दहा मिनिटांत क्लिप अशी बसवली की जणू कारखान्यातूनच तशी आली होती. गाडीच्या वायरला आत प्लॅस्टिकचं अस्तर होतं, त्यामुळे तेलाचा कोन बांधायची गरज नव्हती. थोडा सिलिकॉन स्प्रे पुरला. पंजाला मात्र जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवीन पांढरं ग्रीस लावलं. फवारा गंज सोडवतो, पण त्यावर विसंबायचं नाही. तो उडून जातो, ग्रीस राहतं.

केबलला अ‍ॅडजस्टरचा नट होता. हॅंडल ढिलं लागू नये म्हणून मी तो चांगला आवळला. आता हॅंडलला बोट लावलं की लगेच 'खट'. वीस वेळा उघडून बघितलं. व्हिडिओ काढून धाकट्या भावाला पाठवला. "झालं!" असं जाहीर करून हात धुवायला निघालो.

"उघडतंय ते बघितलंस," बाबा म्हणाले. "आता उघडत नाही ते बघ."

त्यांनी पाठ मागे ढकलली. 'खट' वाजलं, दिसायला अगदी व्यवस्थित बसली. मग वरची कड दोन्ही हातांनी धरून त्यांनी जोरात हिसका दिला. एक. दोन. तिसऱ्या हिसक्याला पाठ त्यांच्या हातात आली.

मी नुसता बघत राहिलो. बाबांनी फक्त विचारलं, "इथे ती बसते ना?"

ती इथेच बसते. आणि तिच्या पाठीमागे दर शनिवारी ओक ट्री रोडवरून आणलेली वीस पौंडांची आट्याची पिशवी असते. शिवाय पुढच्या आठवड्यात ते टेबल यायचं होतं. कचकन ब्रेक लागला, की हे सगळं सामान त्या पाठीवर आदळणार. आणि मी तिथे दिसायला लागलेलं, पण न लागलेलं कुलूप बसवलं होतं. सकाळपर्यंत ते उघडत नव्हतं, पण निदान पक्कं बंद तरी होतं. दुरुस्त मी केलं आणि धोका मीच तयार केला. तेही व्हिडिओ काढून.

नंतर वाचलं. अमेरिकेत सीटसाठी फेडरल नियम आहे, क्रमांक २०७. घडी होणाऱ्या पाठीला आपोआप लागणारं कुलूप पाहिजे, आणि त्या घडीच्या भागाच्या वजनाच्या २० पट जोर पुढे लागला तरी ते सुटता कामा नये. समजा पाठ सहा किलोची आहे, तर १२० किलोचा जोर. म्हणजे उघडणं ही सोय आहे. बंद राहणं हे काम आहे. मी दिवसभर सोय तपासत होतो.

चूक कुठे झाली ते बाबांनी टॉर्चच्या उजेडात दाखवलं. केबल इतकी ताणलेली की खटका आधीच थोडा ओढला गेला होता. खाचेत तो पूर्ण पडतच नव्हता, नुसता कडेवर टेकत होता.

"क्लच वायरला प्ले ठेवायचो ना, तसंच. थोडा प्ले सोड. हॅंडल जरा रिकामं हललं पाहिजे, मग ओढ लागली पाहिजे. सारखी ताणलेली वायर म्हणजे कुणीतरी सारखं हॅंडल धरून उभं असल्यासारखं."

नट सैल केला. हॅंडलला दोन-तीन मिलिमीटर रिकामी चाल आली. मला ते हाताला बरं लागेना, खरं सांगतो, ढिलं लागत होतं. पण पलीकडून बघितलं तर खटका आता खाचेच्या तळाशी जाऊन बसत होता. अंधार पडला होता, बाकीचं रविवारवर ढकललं.

रविवारी सकाळी परीक्षा. दहा वेळा लावली आणि दर वेळी दोघांनी आळीपाळीने हिसके दिले. मग डिकीच्या बाजूने मी पाय टेकवून खांद्याने रेटलं. हलली नाही. उजवी पाठही तपासली, तिचाही कान तडकलेला निघाला. तीही करून टाकली. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर एवढं जरूर करा: मागची पाठ नुसती पाडून बघू नका, लावून हिसका देऊन बघा. हिसक्याला सुटली, तर नीट होईपर्यंत तिथे कुणाला बसवू नका आणि तिच्यामागे सामानही ठेवू नका.

दुपारी कन्येला घेऊन आटा आणायला गेलो. बाबा पुढे. एका सिग्नलला नेहमीपेक्षा जरा जोरात ब्रेक लागला. पिशवी धप्पकन पाठीला येऊन आदळली. "आजोबा, काय वाजलं?" कन्येने विचारलं. "आटा," बाबा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

हापिसात गेल्यावर आमच्या प्रोजेक्टच्या टेस्ट उघडून बसलो. लॉगिन होतंय का, याच्या अकरा होत्या. चुकीच्या माणसाला होत नाही ना, याच्या दोन. त्या आठवड्यात तेच काम केलं.

बाबांना "आराम करा" म्हणणं बंद केलंय. ऑक्टोबरपर्यंत आहेत. घरातल्या बिजागऱ्या, शेजाऱ्यांच्या पोराची सायकल, सौ.चं शिवणयंत्र अशी यादी त्यांनीच केली आहे. मी विचारायला गेलो की ते म्हणतात, तू जा, तुझं काम कर. गॅरेजची किल्ली हल्ली त्यांच्याच खिशात असते.

टेबल आलं. दोन्ही पाठी पाडून बरोबर मावलं.