वंशावळीचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदललें म्हणजे सामान एका दिवसांत पोंचतें; पण घर पोंचावयास वेळ लागतो. वाण्याला नवा पत्ता कळवावा लागतो, आणि दारावरचा पहारेकरी पहिले आठ दिवस आपल्यालाच अडवितो. संगणकावरील माहितीसही हाच न्याय लागू आहे, हें आम्हांस आमच्या कुलवृत्तांतानें शिकविलें.

हा कुलवृत्तांत छापील नव्हे. घरांतील मंडळींनीं महाजालावर चालविलेला आहे. त्यांत नऊ पिढ्यांचीं नांवें आहेत, आणि दिवंगत आत्याबाईंनीं स्वतः लिहिलेल्या आठवणीही आहेत. सर्व्हर भाड्यानें देणाऱ्या कंपनीनें तो महिनाअखेर बंद करण्याचें कळविलें. तेव्हां प्रथम डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलविला. पानें मागाहून जावयाचीं होतीं.

लगेच पानें उघडेनाशीं झालीं. त्यांच्या जुळणींत डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट', म्हणजे 'याच घरीं', असा होता, तो बदलला. मग 'जोडणी नाकारली' असें उत्तर आलें. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नकार तत्काळ आला, तर बहुधा यंत्र भेटलें, पण त्या दाराशीं ऐकणारें कोणी नाहीं. बराच वेळ उत्तरच आलें नाहीं, तर वाटेंत पहारा असावा. मायएस्क्यूएल पुष्कळदां केवळ १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर कान देऊन बसतें. तें सुधारलें, ३३०६ क्रमांकाचें द्वार आमच्या यंत्रापुरतें उघडलें, तरी 'प्रवेश नाहीं'! कारण मायएस्क्यूएल नुसतें नांव पाहत नाहीं. मनुष्य कोठून आला हेंही पाहतें. तशी नवी परवानगी दिली, तेव्हां कोठें पान उघडलें.

पाहतों तों, मराठी मजकुराच्या जागीं रोमन चिन्हांची रांगोळी! थोरल्या काकूंनीं विचारलें, "अरे, वन्संनीं लिहिलेलें सारें गेलें काय रे?" पुतण्या म्हणाला, "काका, नांवें मी पुन्हां भरतों." नांवें भरतां आलीं असतीं, आठवणी कोण भरणार? आम्हीं प्रथम सर्व लेखन बंद करविलें.

यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें. तेच बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले कीं एकाचीं तीन चिन्हें होतात. मायएस्क्यूएलची २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपूर्वींची मूळ ठेवण लॅटिन-१ हीच होती. आमच्या जुन्या तक्त्यांवर तीच पाटी होती. आंत मात्र मराठी मजकूर होता. हलवितांना पाटीवर विश्वास ठेवून रूपांतर झालें. अशीं विचित्र चिन्हें दिसलीं, तर आशा असते. नोंदींतच प्रश्नचिन्हें बसलीं, तर मूळ अक्षर गेलेंच म्हणावयाचें.

सुदैवानें जुना सर्व्हर अद्याप चालू होता. त्यावरून रूपांतर न करतां नक्कल पुन्हां घेतली, तिच्यावरील पाटी बदलून यूटीएफ-८-एमबी-४ केली, आणि ती एका रिकाम्या डेटाबेसांत भरली. काकूंनीं आत्याबाईंचें लेखन अथपासून इतिपर्यंत वाचलें, तेव्हांच आम्हीं पुतण्यास पुढचें सामान हलविण्यास सांगितलें.

नव्या घरीं दिवा लागला म्हणून जुन्या घराची किल्ली परत देऊं नये. प्रथम घरांतल्या वडील माणसाकडून सामान मोजून घ्यावें.