राखेखालची एफडी

मार्चअखेरची मेळघाट ट्रिप ठरवताना डोक्यात काय होतं? वाघ, अस्वल, गेलाबाजार एखादा गवा. ऑफिसात सगळ्यांना सांगूनही झालं होतं. प्रत्यक्षात चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे जाताना गाडीने एक वळण घेतलं आणि समोर अख्खा डोंगरउतार काळाठिक्कर! आठवड्यापूर्वीच वणवा येऊन गेला होता. बुटांखाली राख, नाकात जळक्या गवताचा वास. कॅमेरा बाहेर काढायचीही इच्छा होईना. 'गेलं सगळं,' मी म्हटलं.

सोबतचा कोरकू गाईड हसला. रस्त्याकडेच्या एका जळक्या काडीपाशी बसून त्याने बोटाने राख बाजूला केली. ''कुठी गेलं ताई? खालून जित्तं आहे ना ते.'' काडीच्या बुडाशी करंगळीच्या नखाएवढा कोंब होता. पुढच्या उतारावर फेब्रुवारीतच आग लागून गेली होती. तिथे तर सागाचे गुडघाभर फुटवे उभे होते आणि त्यांची पानं मोठ्या झाडाच्या पानांपेक्षाही मोठी, चक्क ताटाएवढी! कोवळं पान चुरगाळलं तर हात लाल झाला. ''या वर्षीचं रोप?'' मी विचारलं. ''छे! मी कामाला लागलो तेव्हाही हे एवढंच होतं. बारा वर्षं झाली.''

बारा वर्षं आणि उंची गुडघाभर? इथेच खरी गंमत आहे.

सॅव्हाना म्हटलं की आपल्याला डिस्कव्हरी चॅनलवरचे सिंह आठवतात. पण 2011 मध्ये जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. जंगलाला जंगल कधी म्हणायचं आणि सॅव्हाना कधी, हा त्याचा विषय. झाडांच्या खाली सलग गवत, झाडांना भरपूर ऊन हवं आणि आगीची सवय, असं असेल तर ते झाडांनी भरलेलं सॅव्हानाच, असा त्यांचा मुद्दा. त्या नजरेने पाहिलं तर मेळघाटातले साग, ऐन, तेंदू, पळस आणि पायाशी वाढलेलं कुसळी गवत वेगळंच दिसायला लागतं.

अशा ठिकाणी झाडं जगतात कशी? पहिली युक्ती सालीची. गवताची आग झपकन येते आणि पुढे जाते. तेवढा वेळ आतला जिवंत थर 60 अंशांच्या वर तापला नाही, की झाड वाचलं. साल दुप्पट जाड असेल तर आत उष्णता पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल म्हणजे अंगावर घातलेलं जाड जॅकेटच. मात्र त्यावर कुऱ्हाडीचा घाव असेल तर आग तिथूनच आत शिरते.

दुसरी युक्ती उंचीची. गवताच्या ज्वाळा माणसाच्या डोक्यावरून जातात, पण शेंडा त्यांच्या वर असला की झाड सुटलं. प्रश्न लहानांचा. त्यांची साल पातळ आणि शेंडा थेट ज्वाळांत. ती वरून जळतातच.

म्हणून तिसरी युक्ती, मुळांची. माती उष्णता फार खाली जाऊ देत नाही. काही सेंटिमीटर खाली आग लागल्याचा पत्ताही नसतो. तिथे, मुळाच्या माथ्याशी झोपलेले डोळे असतात आणि मुळात साठवलेला स्टार्च. वरचं जळालं की ही एफडी मोडून झाड नवे फुटवे काढतं. तेंदू आणि पळस तर लांब पसरलेल्या मुळांवरूनही नवी रोपं काढतात. पुढच्या पावसात पुन्हा बचत सुरू. दोन आगींच्या मध्ये पुरेशी वर्षं मिळाली, की साठलेला सगळा पैसा एकदम लावून एक फुटवा सरळ ज्वाळांच्या वर निघून जातो.

आणि वर्षं मिळालीच नाहीत तर? दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये 1954 पासून हाच प्रयोग चालू आहे. काही तुकडे दर वर्षी जाळायचे, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात नाही. चार दशकांनंतर मोजणी केली तेव्हा आगीमुळे झाडांच्या संख्येत फारसा फरक पडलेला नव्हता. फरक होता उंचीत. वारंवार जाळलेल्या तुकड्यांत झाडं जिवंत होती, पण मोठी होत नव्हती. पगार आला की हप्त्यातच जातो, तशी.

आमच्या डोंगरावरही तेच दिसत होतं. वर म्हातारे वृक्ष, खाली गुडघाभर पोरं, मधलं कुणीच नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. कुठे मोहाची फुलं दिसावीत म्हणून पाला जाळला जातो, कुठे तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून आग लावली जाते, कुठे पर्यटकाने टाकलेली सिगारेट पुरते. एक आग हे झाड सहज पचवतं. दर वर्षीची आग त्याला मारतही नाही आणि मोठंही होऊ देत नाही. म्हातारे पडले की त्यांची जागा घेणार कोण?

परत आल्यावर मला आमच्या कंपन्यांचे वृक्षारोपणाचे रविवार आठवले. पिशवीतलं रोप लावताना खड्ड्यासाठी आपण जी 'झुडपं' उपटतो, त्यातलं एखादं बारा वर्षांचं झाड असू शकतं. पुढच्या मार्चमध्ये टेकडी पेटली तर आपलं रोप बहुधा जाईल, कारण त्याच्या मुळात शिल्लकच नसते. ते झुडूप मात्र परत आलं असतं.

जायचंय? रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून परतवाडामार्गे वर. मार्च-एप्रिलमध्ये जा. वाघ दिसेलच असं नाही. काळा उतार दिसला तर मात्र गाडी थांबवा आणि खाली वाकून बघा. आणि हो, काडीपेटी घरीच ठेवा!