ओल्या वाकळेचं वजन

भादव्यात पितृपंधरवडा लागला की आमच्या सांगलीवाडीत बायका एकमेकींना एकच विचारतात, "दसरा काढला का?" घटस्थापनेच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, त्याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. वाकळा म्हणजे जाड गोधड्या, सोलापुरी चादरी, जाजमं, पडदे, उशांचे अभ्रे, देवघरातल्या आसनापर्यंत सगळं. घट बसले की नऊ दिवस घरात मळकं काही दिसता कामा नये.

माझं लग्न 1996 चं. त्या वर्षी सासूबाईंबरोबर, म्हणजे आत्यांबरोबर, मी पहिल्यांदा दसरा काढायला कृष्णेवर गेले. आदल्या रात्री चुलीवर हंडाभर पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकून वाकळा भिजत घातल्या होत्या. सकाळी हातगाड्यावर रचून नदीवर नेल्या. आधी धोंड्यावर टाकून पायानं तुडवायच्या, मग धोपाटण्यानं बडवायच्या, मग पाण्यात सोडायच्या. वाकळ पाण्यात असते तोवर हलकी असते. नुसती बोटानं ओढली तरी येते. मला वाटलं, हे काही फार अवघड नाही. मग आत्या म्हणाल्या, "आता धर त्या टोकाला, आन् उचल." पाण्याबाहेर काढताना ती वाकळ जी जड झाली, ते वजन मला अजून खांद्यात आठवतं. आम्ही दोघी दोन टोकांना धरून पीळ घालत होतो. पिळाचं पाणी कोपरावरून ओघळून पोलक्यात शिरत होतं. त्या दिवशी आम्ही नऊ वाकळा काढल्या. संध्याकाळी मला भाकरी थापता येईना, मनगटं वळत नव्हती. आत्यांनी मला बाजूला बसवलं आणि स्वतः थापल्या. त्यांची मनगटं दुखत नसतील असं तेव्हा मला वाटलं. तसं नव्हतं, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

नदीवरच्या त्या दिवसात एक चांगली गोष्टही होती, आणि ती सांगितली नाही तर खोटं होईल. नदीकाठच्या मळीवर वाकळा वाळत घातल्या की दुपारी बायका बाभळीच्या सावलीला बसायच्या. भाकरी, खर्डा, दही, कुणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी. वर्षातून तो एक दिवस असा, की घरातलं कुणी हाक मारायला नसायचं. कोण माहेरी गेली, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे सगळं मला त्या मळीवर कळत गेलं. आत्या तिथं जेवढ्या हसायच्या तेवढ्या घरात कधी हसल्याचं मला आठवत नाही.

पुढं घरी दोन टाक्यांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आलं. रोजचे कपडे त्यात व्हायचे. वाकळ मात्र त्या टाकीत बसायची नाही. बळंच कोंबली तर पाणी बाहेर आणि वाकळ कोरडी. म्हणजे जे हलकं होतं ते मशीननं घेतलं आणि जे जड होतं ते बायकांकडंच राहिलं.

मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फुटांची. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं खालचं घर बुडालं. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडं होतो. परत आलो तेव्हा सेमी ऑटोमॅटिकच्या दोन्ही टाक्या गाळानं काठोकाठ भरलेल्या होत्या आणि पलंगावरच्या वाकळा भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. गाळ प्यालेली वाकळ कशी असते ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. चौघांनी एकेक ओढत अंगणात आणली. नदीच्याच पाण्याला वास येत होता, तिथं नेऊन उपयोग नव्हता. टँकरचं पाणी यायचं त्यात आम्ही आठवडाभर धुणं केलं. अकरातल्या सहा वाकळा टाकून द्याव्या लागल्या. आत्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्या दिवाळीपर्यंत बऱ्या झाल्या नाहीत. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढं होत्या. रात्री त्यांच्या पायाला खोबरेल तेल लावताना मी ठरवलं, की घरात आता मोठं मशीन येणार आणि ते वाकळ घेणारंच असणार.

दुकानात गेलो तेव्हा तिथल्या मुलानं विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, सात. तो सात-आठ किलोच्या मशीनकडं घेऊन गेला. मी म्हटलं, "माणसांचं नको, वाकळांचं दाखवा." शेवटी 11 किलोचं फ्रंट लोड घेतलं, समोर गोल काच असलेलं.

या किलोंबद्दल आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते. मशीनवर लिहिलेलं वजन कोरड्या कपड्यांचं असतं, ओल्या नव्हे. तेही सुती कपड्यांच्या कार्यक्रमापुरतं. सिंथेटिकला त्याच्या निम्म्याच्या आसपास धरायचं, लोकरीला त्याहून कमी. आणि पोकळ, फुगीर कापडाला वजन लागूच पडत नाही, तिथं जागा बघायची. ड्रम भरल्यावर कपड्यांच्या वर आडवा हात सहज फिरला पाहिजे. फ्रंट लोडमध्ये कपडा वर जातो आणि खाली आपटतो, त्यानं मळ निघतो. आत्यांचं धोपाटणं जे करायचं तेच. आपटायला जागा ठेवली नाही तर कपडा नुसता भिजून बाहेर येतो.

पूर पाहिलेल्या माणसांनी मशीन तळमजल्यावर ठेवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. सत्तर किलोंच्या वरचं ते धूड चार माणसांनी जिन्यातून वर नेलं. आत काँक्रीटचा ठोकळा असतो, ड्रम फिरताना मशीन जागेवर राहावं म्हणून. बरंचसं वजन त्याचंच. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता. ह्यांना धीर निघाला नाही. पाण्याची नळी जोडली, दोन चादरी टाकल्या आणि सुरू केलं. पिळायला लागलं तेव्हा अख्खी खोली थरथरली. मशीन भिंतीपासून हातभर पुढं आलं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूनं चार लांब बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवायचंच नसतं. मेकॅनिकनं ते काढून माझ्या हातात दिले. "जपून ठेवा मॅडम, घर बदललं तर परत लावायला लागतील." ते चार बोल्ट अजून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत.

दुसरी अडचण पाण्याची. टाकी गच्चीवर, मशीन पहिल्या मजल्यावर. मध्ये उंची अशी नाहीच. पाणी इतकं सावकाश यायचं की मशीन वाट बघून थांबायचं आणि पाणी नाही म्हणून खूण दाखवायचं. प्लंबरनं साधा हिशोब सांगितला. पाण्याचा जोर टाकीच्या उंचीवर असतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. आम्हाला निदान तीन मीटर तरी हवे होते. लोखंडी स्टँड करून टाकी उचलली तेव्हा कुठं मशीन सुरळीत झालं. मशीनच्या किमतीत स्टँड, 16 अँपिअरचा पॉइंट, सांडपाण्याची पाइप हे सगळं धरूनच बाहेर पडायला हवं होतं. ते आम्ही धरलं नव्हतं.

आणि मग वाकळ.

पहिल्या दिवशी एकटी वाकळ टाकली. धुणं छान झालं. पिळायची वेळ आली तेव्हा ती ओली होऊन एका बाजूला गोळा झाली. मशीननं तिला पसरायचा प्रयत्न केला, सावकाश इकडून तिकडं फिरवलं, पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबलं. असं चार-पाच वेळा. शेवटी हरलं आणि पाण्यानं भरलेली वाकळ आत ठेवून बंद पडलं. आत्या जिन्यावर उभ्या होत्या. "तिला जोडीला कुनीतरी पायजे," म्हणाल्या. मी दोन जुने टॉवेल टाकले. पुन्हा लावलं. या वेळी ड्रमचा आवाज चढत गेला, चढत गेला आणि एकसुरी झाला. एकट्या जड कपड्याबरोबर दुसऱ्या बाजूला तोल धरायला काहीतरी लागतं, हे मशीनच्या पुस्तकातही होतं. मी ते नंतर वाचलं.

त्या दिवशी मी ह्यांचा धान्याचा ताणकाटा आणला. दुसरी वाकळ कोरडी तोलली तर सव्वाचार किलो भरली. मग ती बादलीत भिजवून, आत्या आणि मी दोघींनी पूर्वीसारखा पीळ घालून तोलली. साडेदहा किलो. तीच मशीनमधून काढून तोलली. पावणेसात. मी काट्याकडं बघत राहिले. दोघी मिळून कितीही पिळलं तरी मशीनपेक्षा जवळजवळ चार किलो जास्तीचं पाणी आम्ही वाकळेबरोबर मळीपर्यंत वाहत होतो. नऊ वाकळांचं किती? आणि आत्यांनी ते किती वर्षं वाहिलं? त्यांना मी आकडे सांगितले तर त्या म्हणाल्या, "पानी काय मोजायचं असतंय व्हय." पण मग स्वतःच काट्याचा आकडा वाकून दोनदा बघितला.

सगळ्या वाकळा मशीनला चालत नाहीत, हेही नुकसान होऊन कळलं. आत्यांच्या सासूबाईंची एक वाकळ होती, घरातली सगळ्यात जड. मी ती टाकली. बाहेर काढली तर मधोमध वीतभर उसवली होती आणि ड्रममध्ये धाग्यांचा गुंता. फाटीतून आत बोट घातलं तर एकाखाली एक चार अस्तरं. वरचं फुलाफुलांचं, आत्यांनी घातलेलं. त्याखाली विटलेलं निळं, त्याखाली हिरवं इरकल, आणि सगळ्यात आत धोतराचा तुकडा, बोटाच्या दाबानं चुरा होणारा. वाकळ जुनी झाली की उसवत नाहीत, वरून नवं लुगडं घालून परत टाके घालतात. म्हणून ती पिढीगणिक जड होत जाते. आतलं कुजलेलं अस्तर ड्रमचा आपट सोसू शकलं नाही. मला रडू आलं. आत्यांनी वाकळ मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि तीन दुपारी बसून शिवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. ती वाकळ आता नुसत्या उन्हात टाकतो, आणि धुवायची तर बाथरूममध्ये पायानं तुडवून.

साबणाचं गणित बसायलाही वेळ लागला. आत्यांना फेस दिसल्याशिवाय धुतल्यासारखं वाटत नाही. त्या मी नसताना मूठभर पावडर जास्तीची टाकायच्या. पण या मशीनमध्ये फेस झाला की कपड्यांचा आपट त्या फेसावर झेलला जातो आणि मळ तसाच राहतो. वर मशीन फेस जिरवायला आणखी पाणी आणि वेळ घेतं. आमचं पाणी बोअरचं. उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन इथल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात, बोअरलाही ती चव लागते. नळाच्या तोंडाला पांढरा थर येतो, तोच आत हीटरवर बसतो. दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये लिंबूफूल टाकून गरम पाण्याचा फेरा करते. दाराचं रबर रोज पुसते आणि दार उघडं ठेवते, नाहीतर दमट वास धरतो. खाली कोपऱ्यातली जाळी महिन्याला काढते. तिच्यात आजवर सेफ्टी पिना, शर्टाची बटणं, लेकाची एक रुपयाची नाणी आणि एकदा आत्यांचं हरवलेलं जोडवं निघालं.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी मशीन वर होतं, कोरडं. पाणी ओसरून लाईट आल्यावर आमच्या गल्लीतल्या सात घरांच्या वाकळा-चादरी आमच्या जिन्यात रांगेनं होत्या. मी एकच नियम घातला. गाळ आधी अंगणात पाइपनं पूर्ण धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गाळासकट कपडा मशीनला दिला तर पंप जातो. मग 60 अंशाचा फेरा. पहाटे सहाला सुरू व्हायचं ते रात्री अकरापर्यंत चालायचं. लाईटबिल त्या महिन्यात दुप्पट आलं. शेजारच्या काकींनी एक दिवस भाकरीचं टोपलं आणि खर्डा आणून दिला, आणि आम्ही पाचजणी मशीनसमोरच्या पडवीत बसून जेवलो. मळीवरच्यासारखंच, फक्त नदी दिसत नव्हती.

एक गोष्ट मला खुपते, ती राहूनच गेली असती. नदीवर जाणं थांबलं म्हणून नदीत साबण जायचा थांबला नाही. पलीकडं सांगलीतून शेरीनाला कृष्णेला मिळतो. आमचंही पाणी शेवटी गटारातून तिथंच कुठंतरी पोचतं. म्हणून पावडर मोजून टाकते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पाइप वळवून पिंपात धरते, त्यानं अंगण आणि जिना धुतला जातो. त्यापलीकडं माझ्या हातात काय आहे ते मला सापडलेलं नाही.

यंदा आत्या शहात्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्यामुळं जिना चढायला पाच मिनिटं लागतात, तरी दसरा काढायच्या दिवशी वर येतात. काचेसमोर स्टूल टाकून बसतात. आत वाकळ वर जाते, आपटते, पाणी फिरतं. त्या पदरानं काच पुसतात आणि डोळे बारीक करून बघतात. यंदाही तशाच बसल्या होत्या. मशीनवर शेवटची दहा मिनिटं राहिली होती. मी दार उघडायला टॉवेल घेऊन उभी होते.

"आजून गढूळ हाय पानी," आत्या म्हणाल्या. "आनि एकदा खळबळून घे."

मी बटण दाबलं. पाणी पुन्हा चढायला लागलं.