रात्रीची शिट्टी

कपाशीचा हंगाम आला की आमच्या बोदवडच्या बाजारात दिवेलागणीनंतरही बैलगाड्या उभ्या असत. वजन होऊन पैसे हातात पडायला रात्र व्हायची. बंडीच्या आतल्या खिशात नोटा घालून वडील घरी यायचे, तेव्हा घरापर्यंत पोलीस जमादार सोबत असायचे. खाकी हाफ पॅन्ट, डोक्यावर निळी-पिवळी टोपी, हातात काठी. ओट्यावर टेकून तांब्याभर पाणी प्यायचे, आम्हा पोरांच्या शाळेची चौकशी करायचे आणि गस्तीला निघायचे. भुसावळकडची गाडी निघून गेली की त्यांची शिट्टी ऐकू यायची. आई म्हणायची, "निजा आता, जमादार जागे आहेत."

त्याच शिट्टीने गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांवर झोप उडायची, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या वर्गात पारध्याचा एक मुलगा होता. आसपास कुठे चोरी झाली की तो दोन-चार दिवस दिसायचा नाही. बापाला, काकाला उचलून नेलेलं असायचं. का, हे कोणी विचारत नव्हतं. आम्हीही नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण शिक्का माणसांच्या मनात राहिला. ज्या जमादारांच्या भरवशावर आमचं घर निजायचं, त्यांची चाहूल लागली की माझ्या मित्राची आई पोरांना पोटाशी धरायची.

आता ते जमादार नाहीत. ठाण्यातले साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात, कुणाचं घर कुठलं हे त्यांना ठाऊक नसतं. ती ओळख गेली, याची मला हळहळ वाटते. पण काही चांगलंही आलं. अटक करताना काय पाळायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितलं. २०२० मध्ये ठाण्यांत कॅमेरे लावायचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, हे कायद्यातच आलं.

तरी आमच्या खान्देशाच्या जखमा ताज्या आहेत. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. चित्रफितींत नासधूस करताना दिसलेल्या पोलिसांना पुढे अटक झाली. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ठेचून मारलं. एका ठिकाणी पोलिसांची बंदूक नको होती, दुसऱ्या ठिकाणी पोलीसच हवे होते.

मागे एका शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला गेलो, तिथे तो वर्गमित्र भेटला. केस पांढरे झालेले. नातवाने त्याच्या मोबाईलमध्ये ११२ नंबर घालून दिला होता. मी म्हटलं, "बरं केलं. अडचणीला उपयोगी पडेल."

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, मी फोन केला अन् ते आले, तर पहिले कोणाले धरतील?"

मी त्याला छातीठोक उत्तर देऊ शकलो नाही. ज्या दिवशी ते देता येईल, त्या दिवशी माझ्या लहानपणची ती शिट्टी सगळ्या गावाची होईल.