सव्वा महिन्याचं गिऱ्हाईक

दुकान मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून चालत तीन-चार मिनिटांवर. दहा बाय बाराची खोली आणि मागे पार्टिशन टाकून काढलेली डार्करूम. १९७८ पासून तिथे पासपोर्ट फोटो निघायचे. नोकरीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, मुलीचं स्थळ, सगळ्याला एकच निळा पडदा. मी सून म्हणून आले तेव्हा डार्करूममध्ये कांदे-बटाटे ठेवलेले होते, कारण रंगीत रोल धुवायला केव्हाच बाहेरच्या लॅबवर जायला लागले होते. २०१० मध्ये मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस दुकान सांभाळायला म्हणून मी गल्ल्यावर बसले. मग उठलेच नाही.

लहान मुलांकडे मी काही कौतुकापोटी वळले नाही. आठ पासपोर्ट फोटोंचे आम्ही चाळीस रुपये घ्यायचो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने प्रिंटर आणला आणि तीसवर आला. पण एक गिऱ्हाईक तो स्वतःहून आमच्याकडे पाठवायचा: तान्हं बाळ. मान धरत नाही, खुर्चीवर बसत नाही, आणि पासपोर्टला डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, मागे पांढरं हवं, धरणाऱ्याचा हात दिसायला नको. पहिल्याच बाळाने माझा तासभर घेतला. आई दमली, मी दमले, बाळ मात्र ताजंतवानं. शेवटी हिरवी पट्टी लावून आत बसलेले मामाजी म्हणाले, "उभं कशाले करता त्याले? झोपवा नं खाली." पांढरी चादर जमिनीवर अंथरली, बाळाचे पाय दाराकडे केले म्हणजे उजेड तोंडावर आला, आणि मी स्टुलावर उभी राहून वरून फोटो काढला. तीन मिनिटं लागली. महिनाभरात झेरॉक्सवाल्याकडून आठवड्याला चार-पाच बाळं यायला लागली.

त्याच वर्षी एक जुना निकॉन डी-९० घेतला, सोबत पन्नासची लेन्स. रात्री लेक झोपली की कॉम्प्युटरवर परदेशी फोटोग्राफर मंडळींचे धडे बघायचे. त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. बाळाचे फोटो जन्मानंतर पाचव्या ते चौदाव्या दिवसात काढायचे. तेव्हा ते गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं मुटकुळं करून ठेवता येतं. मी टोपल्या आणल्या, लोकरीच्या टोप्या विणल्या, पत्रकं छापली: 'नवजात बाळाचे फोटो, पहिल्या पंधरा दिवसांत.' वर्षभरात दोन आले. दोन्ही डॉक्टर जोडपी.

कारण उघड होतं आणि ते मला, दोन बाळंतपणं झालेल्या बाईला, दिसू नये याची आजही लाज वाटते. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल, आणि दारात बसलेली आजी. ती आजी दहा दिवसांचं लेकरू महालातल्या स्टुडिओत, एका अनोळखी बाईच्या हाती, टोपलीत वाकवून ठेवायला देईल? घरी येऊन काढते म्हटलं तर उत्तर यायचं, "झोपलेल्या लेकराचा फोटो काढू नाही." आणि सव्वा महिन्यानंतर बाळ येतं तेव्हा त्याचे पाय सरळ झालेले असतात. ते मुटकुळं करत नाही, टोपलीत ठेवलं की लाथ मारून टोपली पाडतं.

तळहातावर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचा तो प्रसिद्ध फोटो सगळे मोबाइलवर दाखवतात आणि तसाच हवा म्हणतात. तो एक फोटो नसतोच. एकदा मोठ्या माणसाने डोकं धरलेलं असतं, एकदा हात धरलेले असतात, आणि दोन्ही फोटो जोडून धरणारी बोटं पुसलेली असतात. हे सांगितलं की अर्ध्या आया गप्प होतात. उरलेल्या म्हणतात, मग तुम्हीही जोडा नं. मी नाही करत. माझ्याकडे बाळाचं डोकं धरायला ठेवलेला शिकलेला माणूस नाही आणि आईच्या हातावर तो धोका टाकायचा नाही. अशी गिऱ्हाइकं धरमपेठेत जातात. जाऊ देत.

१९९६ मध्ये ॲन गेडीसचं 'डाउन इन द गार्डन' आलं. फुलांतली, कोबीतली ती बाळं मग कॅलेंडरांतून जगभर पोचली, आमच्या नागपुरात गरोदर बाईच्या खोलीच्या भिंतीपर्यंत. मीही एका डिसेंबरात अंबिया बहाराची संत्री आणून पाटीभर मांडली आणि सात महिन्यांच्या मुलाला मधोमध बसवलं. त्याने पहिलंच संत्रं सालीसकट चोखलं. तोंड असं आंबट झालं की आई हसून खाली बसली. त्यांनी अल्बमला तोच फोटो निवडला, बाकीचे सत्तावीस गोंडस फोटो सोडून.

तेव्हापासून मी परदेशी वेळापत्रक सोडलं आणि घरातलं पंचांग भिंतीवर लावलं. सव्वा महिना झाला की देवदर्शन होतं. देवदर्शनाहून परतताना स्टुडिओ. त्या वेळी फक्त चेहरा आणि मुठी, पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग उष्टावण. सहा-सात महिन्यांचं मूल बसतं, हसतं आणि कोणाकडेही जातं. हीच वेळ धरायची. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला परकं माणूस कळायला लागतं आणि माझा चेहरा दिसताच भोंगा सुरू होतो. मग जावळ. जावळाच्या आदल्या दिवशी कुरळ्या बटांसह एक आणि दुसऱ्या दिवशी तुळतुळीत डोक्याचा एक, असे दोन फोटो शेजारीशेजारी एकाच चौकटीत. ही चौकट माझ्या दुकानातून सगळ्यात जास्त गेली आहे आणि तिला ना टोपली लागते ना टोपी.

संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणं. इथे फोटोग्राफरची खरी परीक्षा आहे. काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. झबल्याला उजेड धरला तर हलवा पांढराफटक पडतो, दाणे दिसत नाहीत. हलव्याला धरला तर झबल्याच्या जागी नुसतं भोक. दोन वर्षं मी दोन्ही चुका आलटून पालटून केल्या. आता हलव्याला धरून घेते आणि झबल्याच्या बाजूने एक पांढरा थर्माकोल कोणाच्या तरी काकाला धरायला लावते. दर घरी एक असा काका असतो, तो नाहीतरी मध्येमध्ये करतच असतो. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून पडतानाचा क्षण एकदाच मिळतो. दुसऱ्या खेपेला मूल वर बघत नाही, खाली बोरं वेचत असतं.

घरच्या लोकांना आवरणं हा या धंद्याचा मोठा भाग आहे, हे कुठल्या धड्यात नव्हतं. मूल मध्ये बसलेलं, आणि डावीकडून मामा, उजवीकडून मावशी, मागून आजोबा, सगळे "इकडे बघ, इकडे बघ" करून टाळ्या वाजवताहेत. ते बिचारं कुठे बघेल? माझा नियम एकच. आवाज करायला एक माणूस, आणि त्याने माझ्या डोक्याच्या बरोबर वर तोंड आणायचं. बाकीचे पडद्यामागे. माझ्याकडे स्टीलची एक डबी आहे, तिच्यात तुरीचे दाणे आहेत. कुठल्याही खेळण्यापेक्षा ती चालते. कोविडनंतर दुकान उघडलं तेव्हा मास्कमधून मुलं मला बघत आणि हसत नसत. हसायला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं. त्या वर्षी सगळा संसार त्या डबीवर चालला.

तिटेची गोष्ट सांगायलाच हवी. नंदनवनच्या एका कुटुंबाचं नऊ महिन्यांचं बाळ, उजव्या गालावर रुपयाएवढी काळी तीट. आईने हळूच कानात सांगितलं, "ताई, फोटोत काढून टाका नं." मी सफाईने काढली. आठ दिवसांनी अल्बम घ्यायला आजी एकट्या आल्या. चष्मा लावून पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं.

"तीट कुठी गेली?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर पुसली.

"काहून पुसली? आता हे फोटो चार लोकं पाहतीन. लेकराले दृष्ट लागली त कोन भरून देईन? तू?"

अल्बम तिथेच ठेवून त्या गेल्या. बारा पानं पुन्हा छापावी लागली, माझ्या खर्चाने. तेव्हापासून तीट, काजळ, कमरेचा काळा दोरा यांपैकी काहीही पुसायचं असेल तर पावतीवर लिहून घेते आणि घरातल्या मोठ्या बाईला विचारलं का, हे तोंडी विचारते. आया हसतात, पण विचारून येतात.

पैशाचं सांगायचं तर पहिली तीन वर्षं मी मूर्खासारखी चालवली. तीनशे रुपयांत 'हवे तेवढे फोटो' सीडीवर. लोक सीडी न्यायचे, वर्षभराने ती उघडायची नाही आणि दोष आम्हाला. एका शाळेचं वर्षाचं काम घेतलं, दोन दिवसांत साडेतीनशे मुलं. पैसे सात महिन्यांनी आले, तेही कापून. २०१४ मध्ये हार्ड डिस्क गेली आणि तिच्यात एका मुलीचा पहिला वाढदिवस गेला. दुसरी प्रत नव्हती. मी पैसे परत केले. वडील काही बोलले नाहीत, नुसते घेऊन गेले, आणि त्या घरातून पुन्हा कोणी आलं नाही. आता संध्याकाळी शटर ओढण्याआधी दोन प्रती होतात, त्यांतली एक घरी जाते.

बदल केला तो दरात. फोटो मोजणं बंद करून वेळ विकायला लागले. सव्वा तास, एकच मूल, सकाळी दहा ते बारामध्ये, झोप आणि दूध झाल्यावर. पाचशे आगाऊ. पदरात हातात धरता येईल असं काहीतरी पडलंच पाहिजे, अल्बम नाहीतर चौकट. पेन ड्राइव्ह त्यानंतर. मामाजींना आधी हे पटेना. "गिऱ्हाइकाले घड्याळ दाखवतं का कोणी?" पण त्या वर्षी गिऱ्हाइकं तिसऱ्या हिश्शाने कमी झाली आणि गल्ला वाढला, तेव्हा ते स्वतःच फोनवर वेळ द्यायला लागले. उलाढाल आजही वर्षाला वीस लाखांच्या पुष्कळ आत आहे, त्यामुळे जीएसटीच्या वाटेला जावं लागत नाही. दुसरी शाखा काढ असं पुष्कळांनी सांगितलं. मी वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली, दूध पाजायला पडदा आणि पलंग टाकला. तेवढीच वाढ, पण बायका त्या पलंगासाठी येतात.

उन्हाळ्यात मात्र धंदा बसतो. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, तेही पत्ता विचारायला. कूलर लावला तर दमटपणाने कागदी पडदा फुगून लाटा येतात, बंद केला तर मूल आणि मी दोघंही घामाघूम. म्हणून कापडी पडदे आले, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळ.

ही सगळी तूट भरून निघते तान्ह्या पोळ्याला. बाहेरच्यांना हा सण सांगावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडी नंदी, त्याला चाकं, झूल, शिंगांना बेगड, आणि तो ओढत पोरं घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. धोतर, फेटा, काढलेल्या मिशा, सगळा थाट त्या दिवशी. आणि त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, इतवारी-महालचे रस्ते माणसांनी भरलेले. पहिल्या वर्षी मी अकराच्या वेळा दिल्या. कोणी पोचलंच नाही, एकजण पोचला तो मिशा पुसलेला आणि रडून झोपलेला. आता त्या दिवशी सहा ते साडेआठ, आणि पुन्हा चारनंतर.

दुकानाचा एक नंदी आहे, दीड वीत उंच, सागाचा, मामाजींनी माझ्या नवऱ्यासाठी घेतलेला. त्याचं मागचं डावं चाक कधीतरी हरवलं. मामाजींनी कोडॅकच्या रोलच्या डबीची दोन करडी झाकणं पाठीला पाठ लावून चिकटवली आणि तेच चाक केलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी वाचून त्यांनी पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला होता, बोलले काहीच नाहीत. चाक मात्र फिरत होतं. आया फोटोआधी कुरकुरतात, हे एक चाक वेगळं दिसते, बदला नं. पोरांना मात्र तेच चाक सापडतं. फेटा सांभाळत, धोतर सुटत असताना ती खाली बसतात आणि बोटाने ते फिरवून बघतात. तेव्हा मी पोटावर पालथी पडलेली असते आणि डबी वाजवायची गरज नसते.

यंदा त्या झाकणाला तडा गेलाय. मामाजी म्हणाले, माळ्यावर डब्या आहेत अजून, पाहून घे.