भाषा सांगावी लागते



माझ्या नातवाने ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकाप्रमाणे कॉम्प्युटरची सारी सिस्टिम स्वतः बांधली. त्यावर लिब्रेऑफिस बसवायचं, तेही मूळ कोडपासून. मुलांनो, विकतचा मसाला आणि घरी कुटलेला, असा हा फरक.

२०१० साली ओपनऑफिसमधून निघालेला हा प्रोग्राम भला मोठा. साध्या मशीनला कित्येक तास लागतात. पण सुरुवातीलाच भाषा सांगाव्या लागतात. नाही सांगितल्या तर मेनू नुसता इंग्रजीत. आम्ही मराठी आणि हिब्रू दोन्ही सांगितल्या. शब्बाथ संपल्यावर काम लावलं, सकाळी मेनू मराठीत!

आजी-आजोबांनो, घरातही असंच असतं. न सांगता मराठी नातवंडांपर्यंत पोचत नाही. तेव्हा त्यांच्याशी आजपासून मराठीत बोला.